देवळातला राक्षस आणि आमचे बूट

चहा निवला तरी चालेल, पण हे आधी ऐका. आमचे जावईबापू नाशकातले मोठे इंजिनियर. कंप्युटरवर तलवारीचा एक खेळ खेळायचे आणि त्यातल्या देवळातल्या राक्षसाचा रोज मार खायचे. मी म्हटलं, "सरका, मी मारतो त्याला."

"मामा, एकच डाव. हरलात तर पुन्हा कंप्युटरला हात लावायचा नाही."

"कबूल!"

देवळाच्या दारात पोचलो आणि आधी खेळातल्या आमच्या गड्याचे लोखंडी बूट काढले. मग चिलखतही उतरवलं.

जावईबापू किंचाळले, "अहो, मरेल तो!"

"देऊळ आहे ना? वणीला गडावर तुम्ही बूट घालून दर्शन घेता का?"

राक्षसाने गदा उगारली. पण अंगावरचं ओझं गेल्यामुळे आमचा गडी बोकडासारखा उड्या मारायला लागला. गदा दर वेळी नुसती फरशीवर! शेवटी राक्षस आडवा. जावईबापूंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सकाळी त्यांच्या खोलीत डोकावलो. नवा डाव मांडलेला आणि त्यांचा गडी त्याच दारात उघडाबंब, अनवाणी उभा.

मी मागून हळूच विचारलं, "जावईबापू, नारळ आणलाय ना?"