तिथे मासा नव्हताच!

नाही नाही नाही, अभिनंदन नंतर करा, आधी माझं ऐकून घ्या! त्या जागी मासा नव्हता. नव्हता म्हणजे नव्हता! तुम्हाला सांगतो, आम्हा अँड्रोस बेटावरच्यांचा जन्म गेलाय या उथळ पाण्यात, गुडघाभर पाण्यात बोनफिश माशानं नुसती शेपटी हलवली तरी या थॅडियसला लांबून कळतं... आणि तोच थॅडियस तुम्हाला सांगतोय, तिथे मासा नव्हता! असता तर मी 'मासा आहे, मासा आहे' म्हणून कशाला बोंबललो असतो?

हसू नका हो! आमचा धंदा काय, ते जरा समजून घ्या. पाहुणा उभा राहतो बोटीच्या नाकावर, हातात ती लवलवती काठी, दोरीच्या टोकाला गळ, गळाला पिसं बांधून केलेली खोटी कोळंबी. मी मागे माचीवर उभा, लांब दांड्यानं बोट ढकलतोय. पाहुण्याला मासा दिसत नाही, कधीच दिसत नाही! तो मी बघायचा. मग मी ओरडायचं, बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले, त्या हिशेबानं... "साहेब, दहा वाजता! चाळीस फूट! टाका!" साहेब टाकतो, भलतीकडेच टाकतो, मासा पळतो, साहेब म्हणतो वारा होता, मी म्हणतो हो साहेब, वाराच मेला! आणि एवढं करून चुकून लागलाच मासा, तर काय करायचं? सोडून द्यायचा! परत पाण्यात! आमची ल्युरीन, म्हणजे आमची बायको हो, ती अजून विचारते, "दिवसभर मासे धरता, आणि घरी येताना माशाचा डबा विकत आणता? लाज नाही वाटत?"

तर आमच्या जज्जबाई. बाई लंडनच्या कुठल्याशा कोर्टात जज्ज होत्या, आता निवृत्त, वय झालंय, पण कणा असा ताठ की बोटीत उभ्या राहिल्या तर मलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं! दर हिवाळ्यात येतात, माझ्याच बोटीत बसतात. डोळे मात्र अधू झालेत. यंदा दोन दिवस झाले, एक मासा नाही! दुसऱ्या संध्याकाळी आमच्या लॉजच्या मालकीणबाई, मिस अर्नेस्टीन, धक्क्यावरच उभ्या, हात कमरेवर... "थॅडियस, उद्याही बाई रिकाम्या हातानं परत आल्या ना, तर परवापासून त्या क्लेव्हनच्या बोटीत बसतील."

क्लेव्हन! म्हणजे ल्युरीनचा भाऊ! माझा सख्खा मेहुणा! शेजारी उभा राहून शंखाच्या मांसाची कोशिंबीर चाखत होता मेला, लिंबू पिळत म्हणतो, "काय दाजी, आज पण बाईंना बगळेच दाखवलेत का?" अहो, आमच्या वस्तीत एक चर्च, एक दुकान, एक धक्का... पाहुणा मेहुण्याच्या बोटीत गेला तर तोंड कुठे लपवायचं? आणि घरी ल्युरीन आहेच, "माझा भाऊ बघा जरा, माझा भाऊ!"

बरं, सकाळी निघालो तर बाई हळूच म्हणाल्या, "थॅडियस, डॉक्टर म्हणतो पुढच्या वर्षी तेवढंही दिसणार नाही. एक मासा मिळू दे रे मला, एकच." म्हटलं, मिळणार बाई, मिळणारच! आणि त्याच वेळी वर बघतो तर ढग! आख्खं आभाळ काळं! ढग आले की पाणी पत्र्यासारखं होतं, आत हत्ती उभा असला तरी दिसायचा नाही. मग मी काय करणार? प्राणी दाखवायला लागलो! "बाई, ते बघा कासव... बाई, तो पाकट, कसा वाळूत अंग पुरून बसलाय... बाई, पेलिकन!" बाई म्हणाल्या, "थॅडियस, मी प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढलेलं नाही."

झालं! आता अशा वेळी काय करायचं हे आमच्यात लेकराला सुद्धा ठाऊक. मासा दिसत नसला तर मासा सांगायचा! क्लेव्हन सांगतो, सगळे सांगतात, पाहुण्याचं मन राखायला नको? मी सुरू केलं... "बाई, अकरा वाजता, तीस फूट, टाका! ओढा... हळू... आहाहा, वळला हो, अगदी तोंडाशी येऊन वळला!" आणि तुम्हाला सांगतो, खोटा मासा फार गुणी. खरा मासा पाहुण्याच्या सोयीनं येतो का कधी? खोटा कसा, बाईंची दोरी जिथे पडेल, बरोब्बर तिथेच येऊन उभा राहतो! बाई टाकतायत, मी हळहळतोय, दुपार झाली, माझे खोटे मासे असे आले, असे गेले... आणि तिवरांच्या कडेला मी असाच म्हणालो, जांभई देत म्हणालो हो, "बाई, दहा वाजता, टाका... ओढा... थांबा... खाल्लं..."

खाल्लं! अहो, खाल्लं!! काठी वाकली, रीळ किंचाळलं, दोरी पाण्याला चिरत सुटली थेट समुद्राकडे! मी माचीवरून पडलोच असतो! कोण आहे? कुठून आला? तिथे मासा नव्हता! बाई ओरडतायत "थॅडियस, आता काय करू?" आणि मी, एवढा नावाजलेला वाटाड्या, तोंड उघडं टाकून उभा! चर्चमध्ये पुढच्या रांगेत गाणारा माणूस मी, म्हटलं देवा, खोटं बोलल्याची शिक्षा देतात हे ऐकलंय, हे काय देतोयस?

आणि तेवढ्यात मोरी, म्हणजे शार्क हो! ही एवढी, पिवळसर, पाण्यावर पंखाचा त्रिकोण, सरळ माशाच्या मागे! म्हणजे बघा, माझा नसलेला मासा आत्ता कुठे झाला होता, आणि ही बया तो खायला निघाली! मी उडीच टाकली. बुटांसकट. दांडा हाणतोय पाण्यावर, "हट! हट म्हणतो ना! बाईंचा आहे तो!" बाई मागून म्हणतायत, "थॅडियस, तो मासा आहे, तुझा जावई नाही, वर ये!" पण वळली हो मोरी, वळली! आणि मासा आला हातात... चांदीची परातच! एवढा मी आयुष्यात बघितला नव्हता. बाईंनी चष्मा काढला, चेहरा पार पाण्याजवळ नेला, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, आणि सोडून दिला. रडत होत्या. मी पण रडत होतो, पण मी आधीच भिजलेलो, कळलं नाही कुणाला.

मग रुमालानं डोळे पुसत, त्या जज्जाच्या आवाजात म्हणतात, "थॅडियस, मी आयुष्यभर खोट्या साक्षी ऐकल्या. तू सकाळपासून खोटं बोलतोयस." मी हात जोडले! "साक्ष खोटी होती," म्हणाल्या, "पण मुद्देमाल खरा निघाला. तुला सोडते."

धक्क्यावर बाईंनी हे एवढं मोठं माप दाखवलं हातांनी, क्लेव्हनचं तोंड लिंबासारखं झालं, मिस अर्नेस्टीननी स्वतः पुडिंग वाढलं मला. ल्युरीनसुद्धा म्हणाली, "बसा, दमला असाल"... लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!

संपलं असं वाटतं ना? दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. पाणी काचेसारखं. आणि मासे? थवेच्या थवे! म्हटलं आता पाप धुऊन काढू, एक शब्द खोटा बोलायचा नाही. "बाई, एक वाजता, साठ फूट, वाऱ्याच्या तोंडावर, टाका!" बाईंची दोरी पोचते का तिथे? नाही. "बाई, नऊ वाजता, पळतोय, लवकर!" गेला. "बाई, मागे, मागे!" गेला. सगळे गेले! शेवटी बाईंनी काठी खाली ठेवली, वळल्या, आणि म्हणतात, "थॅडियस, हे आजचे मासे फार उद्धट आहेत. कालचे किती शहाणे होते. तसले सांग ना."

आता मी काय करणार? सांगा! समोर शेकड्यांनी मासे, खरेखुरे, माझ्या पायाशी शेपट्या हलवतायत... आणि मी माचीवर उभा राहून, डोळे गच्च मिटून ओरडतोय, "बाई, दहा वाजता, तीस फूट..."