प्रोफेसरांचा फेटा

आजकालच्या प्रोफेसरांचं कौतुक मला सांगू नका! आम्हाला आरोग्यशास्त्र शिकवणारे सर एकदा अख्खा वर्ग घेऊन थेट रनाळ्याला गेले. गावात नारू माजला होता. माणसांच्या पायांतून दोऱ्यासारखे जंत निघत होते, पाटलाची सूनही त्यानंच अंथरुणाला खिळली होती. नारू पिण्याच्या पाण्यातल्या किड्यांतून होतो हे दाखवायला सरांनी बारवेचं पाणी वाटीत घेतलं आणि पाटलाच्या हाती भिंग दिलं. पाण्यात किडे पळताना दिसले तसं पाटलानं भिंग परत केलं.

"या किडा तुम्हनी काचमा शेतस, आम्हना पाणीमा नहीत."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. भर चावडीत त्यांनी डोक्यावरचा फेटा सोडला. त्या काळी चारचौघांत बोडकं व्हायचं ते घरात कुणी वारलं तरच! सरांनी तेच पाणी फेट्यातून गाळलं आणि तेच भिंग पुन्हा पुढे केलं. पाटील कितीतरी वेळ पाहत राहिला. आता एकही किडा नव्हता. मग तो उठून गेला. आम्हाला वाटलं, चिडला.

सकाळी आम्हाला निरोप द्यायला आला तो उघड्या डोक्यानंच. सर चपापले.

"पाटील, फेटा कुठंय?"

"घरमा शे, पाणी गाळाले."