धुतलेली चांदी

—नाय सुनीतीमॅडम, भट्टी थंड नव्हती, कुनी कायपन सांगू द्या! शिवा माझा नवरा हाय म्हनून नाय बोलत. सोमवारी मी सोताच्या डोळ्यांनी बघितली, लालबुंद व्हती. तळवलीची जमीन गेली तवापासून तो या रबाळ्याच्या कारखान्यात नारळाच्या करवंट्यांचा कोळसा करतोय, एक दिवस भट्टी बिघडू दिली नाय. आन त्याला तुमी गेटाबाहेर बसवलाय — का, तर फिल्टरसाठी चांदी लावलेला कोळसा फेल, पान्यातले जंतू मेले नाय! अवो, माल एवढा वला, पानी गळत व्हतं, सुकायलाच दुपार झाली, तरी त्यानं—

काय? वला म्हंजे... चांदीच्या पान्यातनं काढल्यावर वला नसनार का? हो, निथळूनच भट्टीकडं जातो, पन गळत म्हंजे तसं नाय... असं बघू नका ना मॅडम.

हे हात बघा. चांदीच्या पान्यानं झाले हे — हातमोजे फाटले व्हते. आठ दिस घासतेय, साबन लावला, राख लावली, काळेच. तुमी म्हनालात, काशी, चांदीचे कन एवढे बारीक की डोळ्याला दिसायचे नाय, कोळशाच्या भोकाभोकात बसतात, भट्टीत गेले की पक्के व्हतात. आन म्हनालात, पयला फिल्टर तुमच्या गावच्या शाळेत लावू. माझी जागृती तिथंच तिसरीत हाय, मॅडम! जे माझ्या हाताला असं करतं ते पोरीच्या पोटात जानार? रातभर डोळा नाय लागला. इतकी वर्सं काम काय माझं — कोळसा धुवायचा, पानी साफ येईतवर धुवायचा. मग हा चांदीवाला पन धुतला. भट्टीत जायच्या आधी, तीनदा.

हो, तुमी सांगितलं व्हतं धुवू नको. सांगितलं व्हतं.

शिवा? त्याला ठावं हाय. धुवायच्या ढोलाजवळ आला, पानी बघितलं, माझ्याकडं बघितलं — आन माल उचलून भट्टीकडं नेला. सायबानं विचारलं तवा म्हनाला, माझीच चूक. घरी पन गप्पच हाय. शिव्या तरी द्यायच्या ना मेल्यानं!

लिवा माझं नाव. अंगठा कुठं देऊ? शाईची गरज नाय, काळाच हाय... बरं, द्या शाई. झालं? आता त्याला आत घ्या. मी मागच्या दारानं जाते. नाय, हाक मी नाय मारनार — तुमीच मारा.