एका हातची दोन मतं

अभय : शब्द दिलता तू, अक्का. आता साडेअकरा वाजत आले आन् तू म्हणतीस, बघू.

सुलेखा : हळू बोल. अप्पांचा आत्ताच डोळा लागलाय. कमरेनं रात्रभर झोपू दिलं नाय त्यांना.

अभय : हळूच बोलतोय. तिकडं इंग्लंडात मतदान कवा सुरू होतंय?

सुलेखा : सकाळी सातला. म्हणजे आपल्याकडं साडेअकरा. आपल्या शहागंजची खुशनुमा तिथंच असते ना, तिची ड्यूटी आठला आहे, म्हणून ती दार उघडायच्या आधीच रांगेत लागणार. माझ्या नावचं मत तिनं टाकायचं, तसा कागद भरून आलेय मी. पोचली की फोन करते म्हणाली.

अभय : मग सांग तिला. एकच शब्द तर सांगायचाय. 'निघायचं'. बस, खतम.

सुलेखा : एकच शब्द. तुला सोपं वाटतंय.

अभय : सोपं? दोनदा व्हिसा नाकारला माझा. दोनदा! तिथला हॉटेलमालक म्हणतोय ये, तंदूर मोकळा पडलाय, तुझ्यासारखा कारागीर इथं मिळत नाय. आन् त्यांचं सरकार म्हणतंय, नाय. आन् पोलंडचा, रुमानियाचा माणूस नुसतं ओळखपत्र दाखवून आत. त्याला नान थापता येत नसला तरी आत.

सुलेखा : त्यांचा संघ आहे, अभय. युरोपातल्या अठ्ठावीस देशांचा. माल कुठनंबी कुठं जावा, माणसानं कुठंबी जाऊन काम करावं. करारच तसा आहे.

अभय : तेच म्हणतो ना मी. इंग्लंड त्या संघातून निघालं की तो दरवाजा बंद. मग माणसं आणणार कुठनं? आपल्याकडनंच. 'निघायचं'वाल्यांचं पत्रक मालकानं फोनवर वाचून दाखवलं मला. सगळ्यांना एकच माप लावू, आपल्या लोकांवर अन्याय होणार नाय, असं छापलंय.

सुलेखा : छापलंय, व्हय. ते पत्रक आमच्याबी दारात पडलं होतं. दानुतानं उचललं, वाचलं, घडी घातली आन् ओट्यावर ठेवून दिलं.

अभय : परत दानुता.

सुलेखा : सात वर्षं एका घरात राहतोय आम्ही. दवाखान्यात एक वॉर्ड, घरात एक ओटा. अप्पा जिन्यावरून पडले तेव्हा माझ्या सहा ड्यूट्या तिनं अंगावर घेतल्या, म्हणून मी आज इथं उस्मानपुऱ्यात उभी आहे. ती पोलंडची. सगळं भांडण तिच्यासारख्यांवरून, आन् तिलाच मत नाय. मला मात्र आहे. का, तर आपल्या आज्या-पणज्यावर त्यांचं राज्य होतं म्हणून.

अभय : मग त्याचं एवढं तरी वसूल कर की.

सुलेखा : आन् ती गेली तर? तिनं काय वाईट केलंय माझं?

अभय : मी काय वाईट केलंय तुझं? तू गेलीस तेव्हा मी बारावीला होतो. आई आजारी पडली, घाटी दवाखान्यात दीड महिना मी बसलो. आई गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी पोचलीस. अप्पांचं मी बघतोय. कधी बोललो तुला?

सुलेखा : नाय बोललास.

अभय : आज बोलतोय. एकोणतिसावं चालू आहे मला. अजून दोन वर्षांनी मालकबी विचारणार नाय.

सुलेखा : थांब. तिचाच फोन आहे. स्पीकरवर टाकते.

खुशनुमा : सुलू, पोचली मैं. चर्चच्या हॉलासमोर उभी आहे. माझ्या पुढं नऊ जण, सगळे बुढे लोगां. थर्मास घेऊन आलेत, जैसे की मॅच बघायला. अप्पा कैसे हैं?

सुलेखा : बरे आहेत. झोपलेत.

अभय : खुशनुमाआपा, मी अभय.

खुशनुमा : अरे भय्या, तू बाजूलाच बसलाय क्या? फिर तो हो गया इसका मतदान!

अभय : मशीन नाय म्हणे तिकडं?

खुशनुमा : नक्को पूछ. दोरीला बांधलेली पेन्सिल असते. फुली मारायची. बोटाला शाई नाही, कुछ नाही. आपल्या शहागंजात असं झालं असतं तर दुपारपर्यंत पेन्सिलच गायब! सुलू, रांग सरकायला लागली. लवकर बोल.

सुलेखा : तू तुझं काय टाकतीस?

खुशनुमा : माझं ठरलंय, 'राहायचं'. आमच्या केअर होममधे आधे लोगां बाहेरचे. उद्या ते गेले तर म्हाताऱ्यांना उठवून बसवणार कोण? पण ते माझं. तुझं मत माझ्याकडं अमानत है. तू बोलशील त्याच्यावर फुली.

सुलेखा : दानुता भेटली का?

खुशनुमा : काल बस स्टॉपवर. काही विचारली नाही गं. इतकंच बोलली, सुलेखा लांब आहे, तिचं मत नीट टाक.

अभय : अक्का.

सुलेखा : ऐकू येतंय मला.

खुशनुमा : दोघंच राहिले पुढं. आत फोन चालत नाही.

सुलेखा : निघायचं.

खुशनुमा : क्या? गाडी गेली बाजूनं, ऐकू आलं नाही.

सुलेखा : निघायचं म्हणलं. 'निघायचं'वर मार.

खुशनुमा : पक्का?

सुलेखा : पक्का. ठेव आता.

खुशनुमा : ठीक है. ज्या हातानं राहायचं, त्याच हातानं निघायचं. दोन्ही मिळून झालं शून्य. एवढ्यासाठी मैं पाच बजे उठी! चल, आली माझी बारी.

(दुसरा दिवस, सकाळचे साडेदहा. तेच घर.)

अभय : अक्का, निघाले! खरंच निघाले! सगळ्या चॅनेलांवर तेच चालू आहे. औरंगपुऱ्यात जाऊन इमरती आणली बघ, गरम आहे अजून.

सुलेखा : पाहिलं मी. पाचपासनं पाहतेय.

अभय : मग असं तोंड का केलंस? तुझ्या एकटीच्या मतानं नाय झालं ते. बारा लाखांच्या वर फरक आहे.

सुलेखा : सकाळपासनं मीबी मला तेच सांगतेय. मालकाला लावला का फोन?

अभय : तीनदा. उचलत नाय. तिकडं पहाट असंल.

सुलेखा : पहाट आहे, पण आज कोण झोपलंय तिकडं? दानुताचा आला होता मघाशी. वॉर्डातनं. रात्रपाळी होती तिला.

अभय : रडत होती?

सुलेखा : ती रडत नाय. चार नंबरच्या खाटेवर एक आजोबा आहेत, पंधरा दिवस ती त्यांना हातानं भरवतेय. त्यांनी टीव्ही बघत विचारलं, मग पोरी, तू कवा निघणार? चांगल्या मनानं विचारलं म्हणाली. आपण पाहुण्याला नाय का विचारत, गाडी कितीची आहे, तसं.

अभय : हं.

सुलेखा : आन् मग म्हणाली, आपल्या घरातलं एक मत तरी माझ्या बाजूनं पडलं. माझे आभार मानले तिनं, अभय.

अभय : खुशनुमाआपानं सांगितलं नाय तिला?

सुलेखा : खुशनुमा जीव गेला तरी सांगणार नाय.

अभय : मग तू काय म्हणलीस?

सुलेखा : अप्पांना गोळी द्यायचीय म्हणलं आन् ठेवला.

अभय : बरं केलंस. आता तेवढंच राहू दे. कुणी कुणाला मत दिलं ही काय सांगायची गोष्ट आहे का?

सुलेखा : पंधरा दिवसांनी परत त्याच ओट्यावर उभी राहणार मी. ती चहा टाकणार. साखर किती, ते न विचारता बरोबर घालणार.

अभय : सांगून काय होणार? तुझं ओझं उतरंल, तिच्या डोक्यावर चढंल. झालं.

सुलेखा : तेबी खरंय. पण ते आभार माझ्याकडं पडून राहिलेत ना. ते माझे नायत.

अभय : सांगायचंच असंल तर सांग. पण माझ्यासाठी केलंस, असं सांगू नको.

सुलेखा : का?

अभय : लाज वाटती. काल नाय वाटली. आज तिसऱ्यांदा मालकाला फोन लावला, तेव्हा वाटली.

सुलेखा : खोटं कुठवर बोलू, अभय? तो डबा झाक, मुंग्या येतील. मी लावते. … दानुता? मीच. सुट्टी झाली का? … बसमधे आहेस? बरं, बसूनच ऐक. मघाशी तू माझे आभार मानलेस. ते मला नकोत. माझं मत मी 'निघायचं'ला दिलं. … हो. खुशनुमानं फुली मारली, पण सांगितलं मी. … भावासाठी. त्याला तिकडं यायला मिळेल, असं वाटलं म्हणून. … ऐकतेय. … हो. … हो, सांगते त्याला.

अभय : ठेवला तिनं?

सुलेखा : ठेवला.

अभय : काय म्हणली?

सुलेखा : पहिल्यांदा नुसता बसचा आवाज.

अभय : आन् मग?

सुलेखा : मग विचारलं, तुझा भाऊ कवा येणार?

अभय : टोमणा मारला.

सुलेखा : मलाबी आधी तेच वाटलं. पण आवाज तसा नव्हता रे. आईकडं परत जायचं तिच्या मनात बरेच दिवस होतं, आज रात्रीत ठरवलं म्हणाली. सप्टेंबरात निघतेय. तिची खोली तुला दे म्हणाली.

अभय : मला?

सुलेखा : व्हय. खिडकी नीट लागत नाय तिथली. थंडीत हाल होतात, भावाला आधीच सांगून ठेव म्हणाली.