महिन्याचे चार दिवस

पोटाचा पट्टा. पातळ खिचडी. तेलीबागेहून हळूहळू आणलेली रिक्षा. निशातगंजच्या दवाखान्यात, १९९४ च्या मार्चात, माझ्या बाकावर दोघी मराठी बायका हेच बोलत होत्या.

"किती दिवस झाले, नीलमवहिनी?"

"अठरा. टाके निघाले, पण खोकला आला की पोटाशी उशी धरते."

"माझ्या ऑपरेशननंतर मी दीड महिना बादली उचलली नव्हती. आणि उगाच रडू यायचं."

"रडायला वेळ कुठाय? सासूबाई म्हणतात, गाठच तर काढली, कणीक मळायला काय होतंय?"

"गाठ? तुमची पिशवी काढली ना?"

"हळू बोला. त्यांना गाठच सांगितलंय."

"अच्छा! का पण?"

"आमच्याकडे अजून बाजूला बसतात. महिन्याचे चार दिवस स्वयंपाकघरात जायचं नाही. तेवढीच पाठ टेकते माझी. पिशवी गेल्याचं कळलं, तर तेही दिवस जातील."

"म्हणजे दर महिन्याला खोटंच बसणार?"

"बसणार. कॅलेंडरवर खुणा केल्यात."

"बाई गं! किती वर्षं?"

"पन्नाशीपर्यंत कुणाला शंका यायची नाही. आत्ता एकेचाळीस."

"आणि डॉक्टरीणबाई घरी काही बोलल्या तर?"

"बोलू नका, तेच त्यांना सांगायला आलेय आज. टाक्यांची जागा दाखवायचं निमित्त."

आतून नीलमवहिनींना हाक आली. त्या बाकाला धरून, दोनदा थांबून उठल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी महिन्याभराचे गहू निवडून, दळून आणले होते, असं दुसरीने मला सांगितलं.