तळ्याकाठची पोरगी

(इराकी कुर्दिस्तानातलं रानिया गाव. दुपारचे पावणेपाच. आई हपसा आणि मुलगी चनूर टीव्हीपुढे.)

चनूर : …आणि शेवटी ती सापडते, मावशीच्या गावी. सुखरूप. संपली मालिका. चहा टाकू?

हपसा : खाली बस. तळ्याकाठचं पुन्हा लाव.

चनूर : जनरेटरवाला पाचला लाईट घालवतो, आई.

हपसा : तोवर होतंय. लाव.

चनूर : आत्ताच बघितलंस की.

हपसा : बघितलं मी, वाचलंस तू. मला खालची अक्षरं येत नाहीत, डोळे शाबूत आहेत. पोलीस टोपी काढून तिच्या आईपुढे उभा राहिला. मावशीकडे गेलेल्या पोरीसाठी टोपी काढतात होय?

चनूर : त्यांच्याकडे तशी रीत असेल. परक्या मुलखातली माणसं ती.

हपसा : आई मटकन चिखलात बसली. तीही रीतच का गं? खरं काय लिहिलंय ते वाच.

चनूर : ‘तळ्यात मृतदेह मिळाला.’

हपसा : कधीपासून होती तिथं?

चनूर : पहिल्या भागापासून.

हपसा : आणि तिची मित्रमंडळी गावभर शोधत होती. आपणही, आख्ख्या गल्लीतल्या बायका. शेजारच्या गुलालानं तर तिच्यापायी भाकऱ्या करपवल्या. आणखी कुठं कुठं खोटं वाचलंस?

चनूर : चौथ्या भागात. आईला कोट ओळखायला बोलावतात. मी वाचलं, जेवायला बोलावलंय.

हपसा : तरीच. जेवायला जाताना बाई इतका वेळ उंबऱ्यात कशाला उभी राहील?

चनूर : मग काय करू? आपल्या रेबीनचं नाव निघालं की तू ताटावरून उठतेस. चौदा महिने झाले, परदेशी निघालेली त्याची होडी बुडून. तिकडच्या किनाऱ्यावर अकरा कबरी आहेत, नुसते आकडे घातलेल्या. नाव लावायला तिथल्या तपासवाल्यांना आईचं रक्त हवंय, जुळवून बघायला, थेंबभर. इथं गावात येऊन बसलीत ती माणसं. तीनदा फोन आला. तीनदा तू मला सांगायला लावलंस, आई बाजारात गेलीय.

हपसा : रक्त दिलं की ते सांगून टाकतील.

चनूर : हो.

हपसा : नाही दिलं तर माझा पोरगा कुठंतरी भांडी घासतोय. कागद नाहीत म्हणून फोन करत नाही.

चनूर : हे तूच आम्हाला वाचून दाखवतेस, आई. मला, आणि बाबांनाही. चौदा महिने.

हपसा : तोंड फार चालायला लागलंय तुझं.

चनूर : बायका मालिकेसाठी येतात असं वाटतं तुला? दुखवट्याची बैठक धरली नाहीस, मग भेटायला यायचं कसं? त्याच्यासाठी फातिहा म्हणावी तर तू दार लावतेस. म्हणून येतात नि दुसऱ्याच्या पोरीसाठी डोळे पुसतात.

हपसा : कळतं मला. समोर खायला ठेवलेली बियांची ताटली कुणी रिकामी करत नाही.

चनूर : आई, रडू नकोस गं.

हपसा : रडू दे. ती बाई पुढं काय म्हणाली? चिखलातून उठल्यावर?

चनूर : ‘मला माझी मुलगी बघू द्या.’

हपसा : खरंच लिहिलंय?

चनूर : खरंच.

हपसा : उद्या सकाळी मला त्या रक्तवाल्यांकडे ने. आणि कागद येईल तो आधी मला वाच, असेल तसा. तुझ्या बापाला मी सांगेन.