बिनकामाचा हात

वर्तकनगरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नीरजा दुखरा गुडघा चोळत बसली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं येऊन टेकलं. अर्धांगवायूने गेलेला आजोबांचा डावा हात मांडीवर पडून होता. आजी त्यांच्या उजव्या मनगटावरचं घड्याळ सोडू लागल्या.

“राहू दे गं, प्रमोदिनी.”

“अहो, पट्टा टोचतो लिहिताना. आता जेवायचं, लिहायचं, सगळं याच हाताने.”

“शाळेत बाईंनी डावा बाकाला बांधून ठेवला होता, तरी उजव्याने एक अक्षर काढलं नाही मी.”

“माहितीये. लग्नात पहिला घास मला डाव्याच हाताने भरवलात. अख्खी पंगत बघत राहिली.”

“तू खाल्लास ना पण?”

“खाल्ला.”

“मग? घड्याळ बिनकामाच्या हातावर बांधतात गं.”

आजींनी अर्धवट सुटलेला पट्टा तसाच धरून ठेवला. आतून नीरजाचं नाव पुकारलं, पण तिला उठवेना.

“काल मला बाहेर बसवून डॉक्टर तुझ्याशी काय बोलले?”

“काही नाही.”

“डावा परत येणार नाही म्हणाले?”

“घरी गेल्यावर बोलू या ना.”

“बांध मग. डाव्यावर बांध.”

निजलेलं लेकरू उचलावं तसा आजींनी तो हात मांडीवर घेतला.

“किती वाळलाय हो. शेवटच्या भोकात घालते. घट्ट होतंय का?”

“कळत नाही गं.”